सोळाव्या वर्षी विश्वचषक, तिसाव्या वर्षी ओळख

२८ फेब्रुवारी २०११ रोजी नागपूरजवळील जामठा येथील मैदानावर कॅनडा आणि झिंबाब्वे हे संघ विश्वचषकात समोरासमोर आले. झिंबाब्वेने २९८ धावा केल्या. कॅनडाचा डाव १२३ धावांत आटोपला आणि १७५ धावांनी सामना हातचा गेला. निकालापुरते पाहिले तर लक्षात ठेवण्याजोगे फारसे काही घडले नाही. परंतु कॅनडाच्या अकरा जणांत एक मुलगा होता आणि त्याचे वय त्या दिवशी १६ वर्षे २८३ दिवस होते. विश्वचषकात खेळलेला सर्वांत लहान वयाचा खेळाडू म्हणून त्याचे नाव त्याच दिवशी क्रिकेटच्या इतिहासात लिहिले गेले. तोपर्यंत हा मान बांगलादेशच्या तल्हा जुबेरकडे होता.

या मुलाचे नाव नितीश कुमार. नाव ऐकताच कोणाला बिहारचे राजकारण आठवेल, तर कोणाला आपल्या भारतीय संघातील नितीश कुमार रेड्डी. हा त्यांच्यापैकी कोणी नव्हे. भारतीय वंशाच्या कुटुंबातील हा मुलगा २१ मे १९९४ रोजी ओंटारियो प्रांतातील स्कारबरो येथे जन्मला. टोरांटो महानगराच्या पूर्वेकडील या भागात भारत, श्रीलंका आणि पाकिस्तानातून गेलेली असंख्य कुटुंबे राहतात. तेथे क्रिकेट घरोघरी आहे; पण घराबाहेर पडले की देश आइस हॉकीचा. वर्षातील कित्येक महिने मैदाने बर्फाखाली असतात, उघड्यावर खेळायला मिळतो तो उन्हाळ्याचा अल्प काळ. अशा ठिकाणी फलंदाज घडतो तो कुटुंबाच्या हौसेवर आणि बंदिस्त दालनातील सरावावर.

उजव्या हाताने फलंदाजी करणारा आणि प्रसंगी ऑफ स्पिन टाकणारा नितीश १८ फेब्रुवारी २०१० रोजी शारजा येथे अफगाणिस्तानविरुद्ध पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हा तो १५ वर्षे २७३ दिवसांचा होता. त्याच्यापेक्षा कमी वयात एकदिवसीय क्रिकेटमध्ये उतरलेला एकच खेळाडू तोवर नोंदला गेला होता, पाकिस्तानचा हसन रझा. सहकाऱ्यांनी नितीशला ‘तेंडुलकर’ म्हणायला सुरुवात केली. सचिननेही कराचीत पहिली कसोटी सोळाव्या वर्षीच खेळली होती, त्यामुळे तुलना ओठांवर येणे स्वाभाविक होते. मात्र असे लाडाचे नाव मुलाच्या खांद्यावर किती जड पडते, याचा विचार कौतुक करणाऱ्यांनी केला असेल असे वाटत नाही. योगायोग असा, की जामठ्याच्या त्याच मैदानावर अवघ्या बारा दिवसांनी खऱ्या तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १११ धावांची खेळी केली.

सचिनच्या पाठीशी मुंबईचे क्रिकेट होते. शालेय स्पर्धा, कांगा लीग, रणजी, आणि या प्रत्येक पायरीवर त्याच्याहून थोर खेळाडू उभे होते. नितीशपुढे तशी शिडीच नव्हती. कॅनडाच्या त्या २०११ च्या चमूत चाळिशी गाठलेला जॉन डेव्हिसनही होता. २००३ च्या विश्वचषकात वेस्ट इंडिजविरुद्ध ६७ चेंडूंत शतक झळकावून जगाला थक्क करणारा तोच हा डेव्हिसन. पण त्याच स्पर्धेत श्रीलंकेने कॅनडाला अवघ्या ३६ धावांत गुंडाळले होते, हेही विसरून चालणार नाही. एकट्यादुकट्याचे तेज आणि बाकी सारी ओढाताण, असे त्या देशाचे क्रिकेट होते. सोळा आणि चाळीस वर्षांचे खेळाडू एकाच चमूत घ्यावे लागतात, तेव्हा त्यात गुणांची पारख जितकी असते तितकीच माणसांची चणचणही असते.

त्यानंतरचा काळ मानाचा कमी आणि कसोटीचा अधिक ठरला. जानेवारी २०१४ मध्ये न्यूझीलंडमधील पात्रता स्पर्धेत कॅनडा मागे पडला आणि त्याचा एकदिवसीय दर्जा गेला. तो परत मिळाला थेट २०२३ मध्ये. नितीशच्या वयाची एकोणीस ते अठ्ठावीस ही वर्षे नेमकी या पोकळीत सापडली. फलंदाजाच्या आयुष्यातील ही ऐन उमेदीची वर्षे. या काळात तो खेळत होता, कॅनडाचे कर्णधारपदही त्याने भूषविले. परंतु ज्या सामन्यांची जग दखल घेते ते सामनेच त्याच्या देशाच्या वाट्याला येत नव्हते. माल अस्सल असावा आणि गावात बाजारच भरू नये, अशी ही स्थिती. व्यापारी घराण्यांना ती वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही. राजस्थान-गुजरातेतून निघून महाराष्ट्राच्या बाजारपेठांत दुकान थाटणाऱ्या पूर्वजांपुढेही असाच प्रश्न उभा होता.

अखेर नितीशने सीमा ओलांडली. अमेरिकेत २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेट सुरू झाले आणि त्याला लॉस एंजेलिस नाइट रायडर्स संघात स्थान मिळाले. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पात्रतेची अट पूर्ण करून एप्रिल २०२४ मध्ये तो अमेरिकेकडून मैदानात उतरला. प्रतिस्पर्धी होता कॅनडा! ज्या देशाचे नेतृत्व केले त्याच्याविरुद्ध उभे राहणे कोणालाही सोपे नसते. दोन्ही देशांचे हे नातेही जुने आहे. जगातील पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १८४४ मध्ये न्यूयॉर्क येथे याच दोघांत झाला होता आणि तो कॅनडाने जिंकला होता.

जून २०२४ मध्ये टी-२० विश्वचषक अमेरिका आणि वेस्ट इंडिजमध्ये भरला. ६ जूनला डॅलस येथे अमेरिकेसमोर पाकिस्तान होता. पाकिस्तानच्या १५९ धावांचा पाठलाग करताना अखेरच्या षटकात १५ धावा हव्या होत्या. हॅरिस रौफच्या चौथ्या चेंडूवर ॲरन जोन्सने षटकार मारला. शेवटच्या चेंडूवर पाच धावा उरल्या होत्या आणि समोर नितीश होता. त्याने चेंडू मिड-ऑफवरून सीमापार धाडला आणि बरोबरी झाली. पुढच्या सुपर ओव्हरमध्ये मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने पाकिस्तानला रोखले आणि अमेरिकेने क्रिकेटविश्वाला धक्का दिला. नितीशच्या नावापुढे होत्या १४ चेंडूंत नाबाद १४ धावा. आकडा लहानच, जामठ्याच्या धावफलकाप्रमाणे. पण चौदा वर्षे ज्याची वाट पाहिली तो चेंडू आला तेव्हा त्याचा हात डगमगला नाही. पंधरा दिवसांपूर्वीच त्याने तिशी पूर्ण केली होती.

सहा दिवसांनी न्यूयॉर्क येथे अमेरिकेची गाठ भारताशी पडली. अर्शदीप सिंगने केवळ ९ धावांत चार बळी घेतले, अमेरिका ११० धावांवर थांबली आणि भारताने सात गडी राखून विजय मिळविला. त्या डावात अर्शदीपच्या गोलंदाजीवर नितीशने मारलेला उंच फटका सीमारेषेवर मोहम्मद सिराजने मागे झेपावत अप्रतिम टिपला. तंबूत परतणाऱ्या नितीशच्या २३ चेंडूंत २७ धावा झाल्या होत्या. अमेरिकेच्या डावातील त्या सर्वाधिक होत्या.