पडद्यावरची मुलाखत आणि वेगळ्या घडणीचे उमेदवार

रुग्णालयाच्या बालमार्गदर्शन विभागात पंधरा-वीस वर्षांपूर्वी आईवडिलांचे बोट धरून आलेली मुले आज वयात आली आहेत. कोणी स्वमग्न, कोणाला वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता, तर कोणाचे अवधान अस्थिर. मेंदूची जडणघडण अशी निराळी असलेल्यांना अलीकडे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हटले जाते. यांतील काहींनी पदविका, पदव्या संपादन केल्या. परंतु नोकरीच्या मुलाखतीपाशी अनेकांची गाडी अडते. 2020 च्या टाळेबंदीनंतर ही मुलाखत पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावरच होते. सातारा वा सांगलीच्या घरी बसून पुण्यातील कंपनीला सामोरे जाता येते, एस.टी.चा प्रवास व अनोळखी कचेरीतील गोंगाट टळतो, ही सोय खरीच. तथापि अडचण नाहीशी झालेली नाही. तिने केवळ रूप पालटले आहे.

समोरासमोरच्या बोलण्यात आपली पाळी केव्हा, हे श्वासावरून व हालचालीवरून उमगते. पडद्यावर आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि या खुणा पुसट होतात. स्वमग्न व्यक्तीस त्या मुळातच कष्टाने वाचाव्या लागतात. त्यात नजरेचा घोळ. परीक्षकाच्या डोळ्यांत पाहावे तर कॅमेऱ्याला वाटते उमेदवार खाली पाहत आहे, आणि कॅमेऱ्यात पाहावे तर परीक्षकाचा चेहरा दिसत नाही. स्वतःचीच छबी कोपऱ्यात हलत राहते, ते वेगळेच. काही ठिकाणी तर समोर माणूसच नसतो. प्रश्न पडद्यावर उमटतो, घड्याळ सुरू होते आणि उत्तर ध्वनिचित्रमुद्रित होते. हळू वाचणाऱ्या उमेदवाराचा अर्धा वेळ प्रश्न वाचण्यातच जातो. वास्तविक त्या पदाच्या कामात घड्याळ लावून वाचन करावयाचे नसते!

या संदर्भात 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले एक अमेरिकन संशोधन मननीय आहे. स्वमग्न व इतर प्रौढांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती अनोळखी व्यक्तींना दाखविल्या असता त्यांनी स्वमग्न व्यक्तींविषयी प्रतिकूल मत दिले. मात्र तेच बोलणे केवळ लिखित स्वरूपात वाचावयास दिल्यावर हा भेद उरला नाही. दोष बोलण्याच्या आशयात नव्हता. 2021 च्या एका ब्रिटिश अभ्यासात मुलाखतीचे प्रश्न अधिक नेमके केले असता स्वमग्न उमेदवारांची उत्तरे सुधारलीच, शिवाय इतरांचीही सुधारली. “स्वतःविषयी सांगा” याऐवजी “मागील प्रकल्पात आपण केलेले एक काम व त्यातील अडचण सांगा” असे विचारणे, हा तो बदल.

आपल्या देशात 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश 21 प्रकारांत केला. शासकीय आस्थापनांवर वाजवी सुविधा पुरविण्याचे बंधन आले. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्धच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की लेखनिकासारखी सुविधा 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांपुरतीच मर्यादित ठेवता येणार नाही. खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण जाहीर करावयाचे आहे. वीस वा अधिक कर्मचारी असल्यास निवडीची पद्धतही त्यात नमूद करावी लागते. हे धोरण आपल्या कारखान्यात तयार आहे काय, याची विचारणा आमच्या उद्योजक देणगीदारांनी अवश्य करावी.

परंतु कायद्याचा लाभ घ्यावयाचा तर निदान उघड करावे लागते, आणि आपल्याकडे घोडे पेंड खाते ते येथेच. घरात लग्नाची बहीण असली की कागद कपाटातच राहतो. पालकांना दोष देणे सोपे आहे. त्यांची भीती निराधार मात्र नाही. म्हणूनच सवलत मागणाऱ्यापुरती न ठेवता सर्वच उमेदवारांना सारखी द्यावी, असे आमच्या समुपदेशकांचे आग्रहाचे मत आहे. प्रश्नांचा आराखडा आदल्या दिवशी पाठवावा, मुलाखत किती वेळ चालेल व कोण कोण असतील हे कळवावे, प्रश्न तोंडी विचारताना लेखी स्वरूपातही पडद्यावर द्यावा, स्वतःचा कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा असावी. शक्य तेथे बोलण्याऐवजी कामाचा नमुनाच करून घ्यावा. हिशेबनीस हवा असेल तर हिशेब तपासावयास द्यावा. यासाठी खर्च जवळजवळ नाहीच.

यंत्राकडून चेहरा तपासून निवड करण्याच्या प्रथेविषयी मात्र सावध राहावे. हावभावांची सरासरी ज्याच्या चेहऱ्यावर बसत नाही, तो तेथे आपोआप मागे पडतो. अमेरिकेतील हायरव्ह्यू या कंपनीने चेहऱ्याचे असे विश्लेषण सोडल्याचे 2021 मध्ये जाहीर केले. युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी यंत्राद्वारे भावना ओळखण्यास काही अपवाद वगळता फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे.

ज्या कुटुंबांची निदान कळविण्यास हरकत नाही, त्यांनी मुलाखतीची तारीख ठरताच विनंतीपत्र पाठवावे. त्यात आजाराचे वर्णन नको. “प्रश्न लेखी मिळावेत” किंवा “उत्तरापूर्वी थोडा अवधी मिळावा” एवढे दोन-तीन ओळींत लिहिले की पुरते. असे पत्र मराठीत वा इंग्रजीत तयार करण्यास विभागातील समुपदेशक साहाय्य करतात.