रोग्यांतील माणूस

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपण प्रथम विचारतों, "रोग कोणता?" हा प्रश्न आवश्यकच आहे, रोग ओळखल्यावांचून औषध लागू पडत नाहीं. परंतु रोग ज्याला झाला तो माणूस कोण, त्याला कशाची चिंता लागली आहे, हें विचारावयाचें राहून जातें. आम्हांकडूनही तें राहून गेलें आहे. म्हणूनच ह्या दुसऱ्या प्रश्नासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, अशा एका बाईंची हकीकत येथें देत आहों.

सिसिली सॉन्डर्स यांचा जन्म इंग्लंडांत १९१८ सालीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत त्या परिचारिका झाल्या. पुढें पाठीच्या दुखण्यामुळें तें काम सोडून त्या रुग्णालयांत रोग्यांच्या घरगुती अडचणींची विचारपूस करूं लागल्या. तेथें त्यांस डेव्हिड तास्मा नांवाचा पोलंडमधील एक यहुदी निर्वासित भेटला. त्याला कर्करोग झाला होता. आपलें आयुष्य व्यर्थ गेलें, ही खंत त्याला देहाच्या वेदनेबरोबर जाळीत होती. मरणोन्मुख माणसांसाठीं एक निराळें घर असावें, असें दोघें बोलत. १९४८ सालीं तो वारला, तेव्हां त्या घराची एक खिडकी होण्यासाठीं त्यानें ५०० पौंड मागें ठेविले.

बाईंनीं मग वैद्यकीचा अभ्यास केला व १९५७ सालीं त्या डॉक्टर झाल्या. त्यांस दिसून आलें कीं, वेदनेला चार अंगें असतात: देहाचें, मनाचें, संसाराच्या काळजीचें व आत्म्याचें. ह्या चारही मिळून त्यांनीं "समग्र वेदना" असें नांव दिलें. देहाची वेदना त्यांनीं कधींही हलकी मानिली नाहीं. रोग्यानें असह्य होऊन याचना करावी, मग औषध मिळावें, ही रीत त्यांनीं मोडली. वेदना परत येण्यापूर्वींच ठरलेल्या वेळीं मॉर्फिन द्यावें, असा क्रम घातला. वेदनेचें भय सरलें म्हणजे रोगी बोलूं लागे. मग मुलांची चिंता, जुनें भांडण, मरणाची भीति, सर्व बाहेर येई. तें ऐकणें हाही उपचारच होता.

१९६७ सालीं लंडनमध्यें सेंट क्रिस्टोफर्स हें त्यांचें घर उघडलें. तास्माची खिडकी तेथें आहे. २००५ सालीं बाई त्याच घरीं निवर्तल्या. आपल्या मुंबईसही १९८६ सालीं शांती अवेदना सदन हें अशाच रोग्यांसाठीं निघालें.

मुलांनो, तुम्हांपैकीं थोडेच डॉक्टर होतील. परंतु आजीच्या अंथरुणाजवळ बसण्याचा प्रसंग बहुतेकांवर येईल. औषध वेळेवर द्या. तिला वेदना होत असल्यास डॉक्टरांस स्पष्ट कळवा. सोसण्याचा उपदेश करूं नका. मग घटकाभर बसून विचारा, "आजी, तुला काय वाटतें?" आणि तिचें सांगून होईपर्यंत उठूं नका. चांगल्या शोमरोन्यानें जखमा बांधिल्या, आणि ती रात्र तो जखमी माणसापाशीं राहिला, हें आपण विसरूं नये.