माळ्यावरची विळी भंगारात घालू नका



भंगारवाल्याची हाळी गल्लीत आली की घराघरांतून काय काय बाहेर येते ते एकदा नीट पाहा. गंजलेले पत्रे, फुटक्या बादल्या, पंपाचे मोडके तुकडे, आणि त्याच ढिगात एखादी जुनी विळी. पाते काळेभोर झालेले, पाट उकललेला. आजेसासूच्या काळापासून घरात असलेली ती विळी लोखंडाच्या वजनाने जाते. त्याच महिन्यात आपण बाजारातून पातळ पत्र्याची चकचकीत सुरी आणतो. पोळा ते दसरा एवढ्या दिवसांत तिची धार जाते, मूठ हलू लागते, आणि घरची माउली टोमॅटो चिरायच्या ऐवजी चेचू लागते.

नांगराचा फाळ घेताना आपण त्याला पाणी कसे दिले आहे ते विचारतो. कुऱ्हाडीचा दांडा हातात धरून, फिरवून पाहतो. मात्र घरातल्या बाईच्या हातात दोन्ही वेळा जे पाते असते, त्याची अशी पारख कोणी करीत नाही. म्हणून आज या पात्यांविषयी चार कामाच्या गोष्टी सांगायच्या आहेत.

घरात पाती किती?

एकदा मोजून पाहा. बसून चिरायची विळी, हातातली सुरी, सुपारीचा अडकित्ता, कैरी फोडायचा मोठा अडकित्ता, नारळ सोलायला किंवा फांद्या तोडायला कोयता किंवा कत्ती, शिवाय रानातले विळे आणि खुरपी. आपल्या बोलीत विळीला कोणी इळी म्हणेल, पण ती नसलेले जुने घर सापडायचे नाही. 'विळ्या-भोपळ्याचे सख्य' ही म्हण आपण उगाच वापरीत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तर मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. माणसाची ओळखच हत्याराच्या नावाने व्हावी, इतके हे लोखंड आपल्या जगण्यात शिरलेले आहे.

ही हत्यारे गावचा लोहार घडवीत असे. बलुतेदारीत त्याचा वाटा खळ्यावर धान्याच्या रूपाने ठरलेला होता. सुगी सुरू होण्याआधी विळे-खुरपी पाजवून देणे हे त्याचे काम. जिथे गावात लोहार नसे, तिथे घिसाडी किंवा गाडी लोहार बिऱ्हाड घेऊन येत. झाडाखाली भाता, ऐरण मांडली की गावाचे काम सुरू. त्यांच्यात घरची बाईही घण मारते, हे तुम्ही पाहिले असेलच. आपले मूळ राजस्थानात आहे असे ही मंडळी सांगतात. चितोड १५६८ मध्ये पडले तेव्हा पूर्वजांनी घर सोडले, अशी गाडी लोहारांची परंपरा आहे. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या उपस्थितीत राजस्थानातल्या गाडी लोहारांनी चितोडगडावर पुन्हा पाऊल ठेवले.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आजही आठवडी बाजाराच्या कडेला हे कारागीर भेटतात. शहरात जाफर गेटचा रविवारचा बाजार आहे, तालुक्यांचे बाजार आहेत. पण भाता चालवणारे हात कमी होत चालले आहेत, हे तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर घडते आहे. गिऱ्हाईक नाही म्हणून लोहाराचा मुलगा कामाला शहरात जातो, आणि लोहार नाही म्हणून आपण पत्र्याची सुरी घेतो. हे चक्र आपल्यालाच थांबवता येईल.

पोलाद आणि पाणी

सगळे लोखंड धारेच्या कामाचे नसते. लोखंडात कर्ब किती, त्यावर सगळे अवलंबून आहे. सळई, पत्रा, खिडकीचे गज यांत शंभर भागांत पाव भागाहूनही कमी कर्ब असतो. त्याला कितीही पाणी पाजा, ते कडक होत नाही. मालमोटारीच्या कमानीच्या पट्टीत मात्र साधारण अर्धा ते पाऊण भाग कर्ब असतो. म्हणून जाणता लोहार कोयता-सुरीसाठी मोडकी कमानपट्टीच शोधतो. पूर्वी पोलाद महाग असल्याने साध्या लोखंडाच्या अंगात धारेपुरती पोलादाची पट्टी भट्टीत जोडीत. जुन्या कुऱ्हाडी, जुने विळे अशा घडणीचे सापडतात.

आता 'पाणी देणे' म्हणजे काय? पाते भट्टीत डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल करतात. सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्याला लोहचुंबक चिकटत नाही, ही त्याची खूण. त्याच्या थोडे वर तापवून ते झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवतात. पाते काचेसारखे कडक होते, पण तितकेच ठिसूळही. तसेच वापरले तर कड तुटेल. म्हणून ते घासून पांढरे करतात आणि हलक्या आचेवर पुन्हा शेकतात. पात्यावर आधी फिकट गवती रंग चढतो, मग तांबूस, जांभळा आणि शेवटी निळा. सुरीसाठी गवती रंगावर थांबावे, ही उष्णता साधारण २२० ते २४० अंशांची. दणके खाणाऱ्या कोयत्यासाठी त्याहून पुढे, जांभळ्या-निळ्यापर्यंत जावे. लोहार भट्टी सावलीत का मांडतो ते आता ध्यानात येईल. भर उन्हात हे रंग ओळखू येत नाहीत. कमानपट्टीला पाण्याऐवजी तेलात बुडवणे चांगले, पाण्याने तिला चीर जाण्याची भीती असते.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. आजच्या तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. मराठवाड्यासारखेच तेही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे मुशीत शिजवलेले पोलाद नेण्यासाठी इराणी व्यापारी येत. दमास्कसच्या म्हणून जगभर गाजलेल्या तलवारींचे पोलाद दक्षिण हिंदुस्थानातल्या अशा भट्ट्यांतून जात होते. जपानात ओसाकाजवळच्या साकाई गावात स्वयंपाकाच्या सुऱ्या आजही हाताने घडतात. घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. देशोदेशीचे बल्लव त्या सुऱ्यांसाठी मोठी किंमत मोजतात. तिथेही मऊ लोखंडाच्या अंगाला पोलादाची धार जोडतात. आपल्या लोहाराची आणि त्यांची मूळ विद्या एकच आहे. त्यांच्या कामाला गिऱ्हाईक टिकले, एवढाच फरक.

जुने पाते कसे पारखावे

माळा, कोठीघर, गोठ्याची वळचण शोधा. सापडलेले पाते रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवा. सकाळी राख आणि नारळाच्या शेंडीने घासा, धुऊन लगेच कोरडे करा. वरवरचा गंज निघून जाईल. मग या परीक्षा करा.

१. पाते मोकळे टांगून त्यावर हलकेच टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर चीर शोधा. चीर गेलेले पाते वापरू नका.

२. धारेवर कानस हलकेच फिरवा. कानस घसरली तर पाणी शाबूत आहे. सहज खाल्ली तर पाणी उतरले आहे, किंवा लोखंडच मऊ आहे.

३. लोहाराकडे चाकावर पाठीची कड टेकवून ठिणग्या पाहा. फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या, फाटे असलेल्या ठिणग्या म्हणजे कर्ब चांगला. लांब सरळ रेघा म्हणजे साधे लोखंड.

४. गंजाने खोल खड्डे पडून धार चाळणीसारखी झाली असेल तर त्या पात्याचा मोह सोडा.

पाणी उतरलेले पण चांगल्या पोलादाचे पाते लोहाराकडे पुन्हा घडवून घेता येते. कारखान्यातल्या यांत्रिक करवतीच्या मोडक्या पात्याच्या सुऱ्याही बाजारात दिसतात. त्या पात्याचे पोलाद वेगळ्या जातीचे असते. ते भट्टीत घालू नये, थंडच ठेवून घासून आकार द्यावा. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड कधीही भट्टीत घालू देऊ नका. त्याचा धूर छातीला बाधतो.

हाताजोगती मूठ, बसण्याजोगा पाट

हाताने घडवलेल्या हत्याराचा मोठा फायदा हा, की ते वापरणाऱ्याच्या मापाने होते. म्हणून विळी किंवा सुरी करून घ्यायची तर घरधनिणीला लोहाराकडे न्या, निदान तिच्या तळव्याचे माप तरी न्या. मूठ वळली की बोटांची टोके तळहाताला जेमतेम टेकावीत. जाड मुठीने मनगट दुखते, बारीक मूठ हातात फिरते. लांबी तळव्याच्या रुंदीहून अंगठाभर जास्त असावी.

मुठीला बाभूळ उत्तम, शिसव मिळाल्यास त्याहून चांगले. लाकूड पुरते वाळलेले हवे. ओल्या लाकडाची मूठ पहिल्या उन्हाळ्यातच सैल होते. पात्याचे टोक मुठीत बसवताना भोकात लाख भरून घ्या. पाणी आत शिरत नाही, आतून गंज धरत नाही. तोंडाशी पितळेचे कडे बसवले की मूठ उकलत नाही.

विळीचा पाट सागाचा किंवा आंब्याचा चालेल, पण पाय ठेवल्यावर तो डुगडुगता कामा नये. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंसाठी पाते ओट्यावर स्क्रूने आवळता येईल असे बसवून घ्या. लहान मुले असलेल्या घरात घडी होणारे पाते असावे. घडी नसेल तर काम झाल्यावर विळी आडवी करून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. आपल्या वाडवडिलांनी लावलेली ही शिस्त मोडू देऊ नका. घरात कोणी डावखुरे असेल आणि पात्याला एकाच अंगाने उतार द्यायचा असेल, तर तो उलट्या अंगाला द्यायला सांगा.

धार आणि निगा

सायकलवर धार लावणारा दारात येतो तेव्हा त्याच्याजवळ पाण्याचे भांडे ठेवा आणि पाते पुन्हा पुन्हा बुडवायला सांगा. घासताना कड निळी पडली की तिथले पाणी गेले म्हणून समजा. घरी धार लावणे अवघड नाही. दगड भिजवा. दीड इंच रुंद सुरी असेल तर तिची पाठ दगडापासून करंगळीच्या जाडीइतकी उचला आणि तोच कोन राखून घासा. दुसऱ्या अंगाला बारीक खरखर लागली की पाते उलटा. विळीचे पाते वाकडे असते, म्हणून तिच्यावर दगड फिरवायचा. दगड नसेल तर लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीच्या तळाची खरखरीत कोर वेळ भागवते. धार अंगठ्याने तपासू नका. पिकल्या टोमॅटोची साल दाबल्याशिवाय कापली गेली की काम झाले.

पोलादी पाते कैरी, चिंच, लिंबाने काळे पडते. त्या काळेपणाने बिघडत काही नाही. तांबडा गंज मात्र चढू देऊ नये. आंबट चिरले की लगेच धुवा, पुसा. आठवड्याला करडईच्या तेलाचे एक बोट पाते आणि मूठ दोन्हींवर फिरवा. हे तेल वाळून पातळ पापुद्रा धरते आणि दमट हवा आत लागू देत नाही. जाड थर मात्र देऊ नका, चिकट होतो. फवारणीच्या पुड्या कापायला स्वयंपाकाची सुरी कधीही वापरू नका. रानातल्या विळ्याने खोल जखम झाली तर हळद दाबून घरी बसू नका. आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची लस घ्या.

चार पाती जपली तर

पुण्याचे डॉ. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली हत्यारे, जे लोक टाकून देत ते त्यांनी गोळा केले. मुलगा राजा बालपणीच गेला, त्याच्या नावाने संग्रहालय उभे राहिले. १९७५ मध्ये त्यांनी ते शासनाच्या स्वाधीन केले. पुण्याला गेलात तर मुलांना ते जरूर दाखवा. आपल्या माळ्यावरच्या वस्तूंची भावंडे तिथे काचेच्या कपाटात दिसतील.

आपल्याला संग्रहालय काढायचे नाही. घरची चार-पाच पाती साफ करून एका फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या जागी टांगा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा: कोणाची, कोणत्या गावच्या लोहाराने घडवली, केव्हा घरात आली. म्हातारी माणसे आहेत तोवर हे विचारून घ्या, नंतर सांगणारे कोणी उरणार नाही. एक सावधगिरी मात्र पाळा. जुन्या वाड्यात तलवार, जंबिया निघाला तर तो या फळीवर लावू नका. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत येतात. घरकामाची आणि शेतीची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. शंका असेल तर पोलीस ठाण्यात विचारावे.

या सुगीआधी एवढे करा. माळ्यावरून एक जुने पाते काढा, बाजारच्या दिवशी लोहाराकडे न्या, घरच्या बाईच्या मापाने मूठ बसवून घ्या आणि त्याच्या कामाचे दाम घासाघीस न करता द्या. शेजारच्या दोघी-तिघींना बरोबर न्याल तर त्याची भट्टी त्या दिवशी लवकर विझणार नाही. तुमच्या स्वयंपाकघरात मात्र पुढची कित्येक वर्षे भाजी चिरलीच जाईल, चेचली जाणार नाही.