गिझर मालकाचा, दुरुस्ती कोणाची?

भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबासमोर हा प्रश्न वर्षातून एक-दोनदा तरी येतोच. गिझरचे पाणी तापत नाही, एसीतून पाणी गळते, फ्रीज रात्रभर घरघरतो आणि सकाळी दूध नासलेले असते. वस्तू मालकाची, वापर आपला. मग मेकॅनिक कोणी बोलवायचा आणि पैसे कोणी द्यायचे?

रक्कम बहुतेक वेळा हजार-पंधराशेची असते. पण त्यावरून आलेली कटुता पुढे डिपॉझिट परत घेताना महाग पडते. आपल्या घरांत याला आणखी एक बाजू आहे. नाव ऐकताच ‘घर कालच दिले’ असे उत्तर मिळण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. खूप फिरून मिळालेले घर हातचे जाऊ नये म्हणून काही बिघडले तरी मालकाला फोन करायला मन धजत नाही. मग थंडीत फजरच्या वुजूसाठी अम्मी गॅसवर पाणी तापवत राहतात आणि गिझर तसाच बंद पडून राहतो. ही भीती समजण्यासारखी आहे. तिच्यावर इलाज एकच : कोणती दुरुस्ती कोणाची, हे सामान हलवण्याआधीच कागदावर ठरवून घेणे. तसे ठरलेले असेल तर मालकाला केलेला फोन कोणालाच भांडण वाटत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये.

इथे एक मेख आहे. आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. अशा घरात राहणारा माणूस बोलीभाषेत भाडेकरू असला, तरी कायद्याच्या भाषेत ‘लायसन्सी’ असतो. त्यामुळे कलम १४ च्या भरवशावर परस्पर भाडे कापू नये. त्याच्यासाठी करारात लिहिलेले शब्द सर्वांत महत्त्वाचे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण त्यातली वाटणी पाहण्यासारखी आहे. भिंती-छताची दुरुस्ती, रंगरंगोटी, पाण्याचे पाइप आणि वायरिंग मालकाकडे; तर नळाचे वॉशर, तुंबलेले ड्रेनेज, स्विच-सॉकेट, दाराची कुलुपे आणि चक्क गिझरची दुरुस्तीही भाडेकरूकडे, अर्थात करारात वेगळे ठरले नसेल तर. म्हणजे ‘वस्तू त्यांची, तर खर्चही त्यांचाच’ हे आपण गृहीत धरू शकत नाही. ते लिहूनच घ्यावे लागते.

करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ‘आपल्यात कशाला कागद’ असे कोणी गोड बोलून म्हणाले, तरी कागद करावा. ओळखीच्या, नात्यातल्या माणसाचे घर असेल तर जरूर करावा.

करारात काय असावे?

एजंटकडे छापील मसुदा तयार असतो आणि त्यात बहुधा ‘किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी’ असे एक वाक्य असते. किरकोळ म्हणजे किती, यावरूनच पुढे वाद होतो. म्हणून तिथे आकडा टाकून घ्यावा. उदाहरणार्थ, पाचशे रुपयांपर्यंतचे काम आपले, त्यावरचे मालकाचे.

दुसरी वाटणी झिजेची आणि वापराची. वय झाल्यामुळे गिझरची कॉइल जळली, फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला, एसीचा गॅस संपला, इन्व्हर्टरची बॅटरी बसली, तर तो खर्च मालकाचा. उन्हाळ्याआधीची एसीची सर्व्हिसिंग, वॉटर प्युरिफायरच्या कँडल, बॅटरीत पाणी टाकणे, मुलाने तोडलेले फ्रीजचे दार, हे आपले. तिसरी गोष्ट मुदतीची. कळवल्यावर सात दिवसांत मालकाने काही केले नाही, तर आपण काम करून घ्यावे आणि पावती दाखवून पुढच्या भाड्यात रक्कम वळती करावी, असे वाक्य करारात असले की दोन्ही बाजूंची सोय होते.

किल्ली घेतली त्या दिवशी

मालकाने दिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करून ती कराराला जोडावी : कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, सध्याची अवस्था. बिलाचा आणि वॉरंटी कार्डाचा फोटो मागून घ्यावा. फ्रीजच्या कॉम्प्रेसरची वॉरंटी पुष्कळदा बाकीच्या फ्रीजपेक्षा बरीच जास्त वर्षांची असते. पण बिल नसेल तर तिचा उपयोग होत नाही.

मग सगळे चालू करून पाहावे. वॉशिंग मशीनची एक रिकामी फेरी लावावी. फ्रीजच्या दारात कागद अडकवून ओढावा. तो सहज सुटला तर दाराचे रबर सैल झाले आहे. गिझरमध्ये पाणी तापायला किती वेळ लागतो ते बघावे. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असलेल्या भागात कॉइलवर क्षाराचा थर बसतो, पाणी उशिरा तापते आणि बिल आपल्याला येते. हे सगळे मोबाइलवर चित्रित करून त्याच दिवशी मालकाला पाठवावे.

आमच्या शाळेतल्या एका सहशिक्षिका घर सोडत असताना वॉशिंग मशीनच्या तुटलेल्या झाकणासाठी मालकाने डिपॉझिटमधून दोन हजार कापले. त्यांच्याकडे पहिल्या दिवसाचा फोटो होता आणि झाकण त्यातही तुटलेलेच होते. फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी पैसे परत आले. आवाज चढवावा लागला नाही.

वस्तू बिघडली तर

आधी आपल्या हातातले पाहून घ्यावे. मिक्सर बंद पडला तर तो थंड होऊ द्यावा आणि खालचे लाल बटण दाबावे. मशीनमध्ये पाणी येत नसेल तर पाइपाच्या तोंडाची जाळी साफ करावी. एसी थंड करत नसेल तर फिल्टर धुवावा. गिझर बंद असेल तर एमसीबी पडला आहे का पाहावे. यापुढे झाकण उघडायला जाऊ नये.

मग मालकाला लेखी कळवावे. फोनवर बोलणे झाले तरी व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकाव्यात. त्या अशा असाव्यात : ‘नमस्कार. बाथरूममधल्या गिझरचे पाणी कालपासून तापत नाही. मेकॅनिकच्या म्हणण्याप्रमाणे कॉइल बदलावी लागेल. त्याने सांगितलेला खर्च आणि व्हिडिओ सोबत आहे. आपण माणूस पाठवता, की मी काम करून बिल पाठवू? शुक्रवारपर्यंत कळवावे.’ यात विनवणी नाही आणि रागही नाही. होकार आला की काम करावे. पावतीवर पार्टचे नाव आणि तारीख लिहून घ्यावी, काढलेला जुना पार्ट मागून ठेवावा.

दोन बाबतींत मात्र कोणाच्या होकाराची वाट पाहू नये. नळाला किंवा मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झटका बसला, तर मेन स्विच बंद करून लगेच इलेक्ट्रिशियनला बोलवावे. अर्थिंग तपासल्याशिवाय ती वस्तू पुन्हा सुरू करू नये. दुसरे, गॅस गिझर. बंद बाथरूममध्ये तो चालला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने अंघोळीला गेलेल्या माणसाचा जीव जातो. असा गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर तो बाहेर हलवून द्या, असे घर घेण्याआधीच सांगावे. तोपर्यंत पाणी चुलीवर तापलेले बरे.

मेकॅनिक घरी येताना

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेले कस्टमर केअरचे नंबर कित्येकदा फसवणूक करणाऱ्यांचे असतात. ओटीपी मागितला, एखादे अॅप डाउनलोड करायला सांगितले, की फोन ठेवावा. येण्याचे पैसे किती, हे फोनवरच विचारावे. घरात बाई एकटी असेल तर घरातले आणखी कोणी मोठे माणूस असेल अशी वेळ द्यावी, किंवा शेजारच्या भाभींना थोडा वेळ येऊन बसायला सांगावे. पैसे घेऊनही काम नीट झाले नाही आणि कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

घर सोडताना

पहिल्या दिवशीची यादी पुन्हा काढावी आणि मालकासमोर एकेक वस्तू चालू करून दाखवावी. आपल्या हातून काही तुटले असेल तर ते मालकाला सापडण्याआधी आपणच सांगावे आणि भरून द्यावे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे अमानत असते. ती जपणाऱ्यालाच आपला हक ताठ मानेने मागता येतो. यादीवर दोघांच्या सह्या झाल्या की तिचा फोटो घ्यावा, आणि डिपॉझिटचा विषय त्यानंतर, त्याच बैठकीत काढावा.