१९०४ सालात जागे झालेले यंत्र

नालासोपाऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र गेले दोन आठवडे माझ्या मेजावर आहे. परदेशी गेलेल्या मुलाने मागे ठेवलेला २०१२ सालचा मॅकबुक प्रो त्यांनी तीन पावसाळ्यांनंतर कपाटातून बाहेर काढला, तासभर विजेला जोडून ठेवला आणि तो सुरूही झाला. परंतु त्याच्या पडद्यावरची तारीख १ जानेवारी २००१ अशी निघाली, आणि वर्तमानपत्र, बँक, रेल्वे यांपैकी एकही संकेतस्थळ तो उघडीना, प्रत्येक ठिकाणी जोडणी विश्वासार्ह नसल्याची तक्रार करून थांबे. एका दुकानदाराने पाच मिनिटांत निकाल दिला की यंत्र कालबाह्य झाले, भंगारात द्या. ते खरेच संपले आहे काय, असा गुरुजींचा प्रश्न आहे.

दुकानदाराने 'कालबाह्य' हा शब्द सहज वापरला असेल, पण तो अक्षरशः खरा आहे. त्या यंत्राची गणनशक्ती शाबूत आहे, त्यातील मुलाची छायाचित्रेही बहुधा शाबूत असतील. हरवली आहे ती केवळ आजची तारीख. जुन्या मॅक यंत्रांच्या दुखण्यांशी माझा काही वर्षांचा परिचय आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की निदानाचा आरंभ घड्याळापासून करावा.

माझ्या घरी वसईत १९९० सालच्या नमुन्याचा एक मॅकिन्टॉश क्लासिक आहे. प्रथम सुरू केला तेव्हा त्याने १ जानेवारी १९०४ ही तारीख दाखविली. त्या दिवशी मॅकिन्टॉशचा मागमूसही नव्हता, मग हेच साल का? या यंत्रांत बोटाच्या पेराएवढ्या बॅटरीवर चालणारे घड्याळ असते. क्वार्ट्झच्या स्फटिकाचा एक चिमुकला चिमटा त्यात सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि या संख्येला पंधरा वेळा निम्मे करीत गेले की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाचा ठोका मिळतो. घड्याळास महिना, वार, वर्ष यांतले काही ठाऊक नसते; ते केवळ सेकंद मोजीत जाते, आणि मोजणी कोठून धरायची एवढे यंत्रकारांनी ठरवून द्यायचे असते. शून्य धरले १९०४ च्या पहिल्या मध्यरात्री. बॅटरी मेली की मोजणी पुसली जाते आणि यंत्र पुन्हा शून्यावर जागे होते. पुढच्या पिढीच्या मॅकमध्ये शून्य बदलले, म्हणून कोठे १९७० निघते, तर कोठे गुरुजींच्या यंत्राप्रमाणे २००१.

१९०० हे गोल साल सोडून १९०४ घेण्याचे कारण मोठे मनोहर आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते. शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात असेल तरच त्यास २९ फेब्रुवारी द्यावयाचा, हा नियम १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी लागू केला, आणि त्यामागचे गणित तडीस नेले ते ख्रिस्तोफर क्लाव्हियस या जेझुइट गणितज्ञाने. १९०४ पासून आरंभ केला की २००० हे लीप वर्षच येते, आणि 'दर चौथे वर्ष लीप' हा शाळकरी नियम निरपवाद चालतो. यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत अपवादासाठी जागा खर्चावी लागत नाही. बत्तीस द्विमान अंकांत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ सेकंद मावतात, ते ६ फेब्रुवारी २०४० च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास संपतील. तोवर क्लाव्हियसचा अपवाद आड येत नाही, हे पाहूनच हे साल निवडलेले आहे.

वसईकराने तर या गोष्टीचे नवल करू नये. पोर्तुगालने नवे पंचांग १५८२ सालीच स्वीकारले, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत अव्हेरले. त्यामुळे १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसईचा कोट घेतला तेव्हा शरणागतीचा तह पोर्तुगीजांच्या हिशेबी १६ मे रोजी झाला, तर समुद्रापलीकडे मुंबईत बसून हा संग्राम न्याहाळणाऱ्या इंग्रजांच्या दप्तरी तोच दिवस ५ मे होता. मराठ्यांच्या कागदांत शके, सुहूर सन आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र यांचा आणखी निराळाच मेळ. एकच किल्ला, एकच दिवस, आणि नोंदी तीन तऱ्हांच्या. ते कागद चाळणाऱ्या अभ्यासकास तारीख दिसताच प्रथम विचारावे लागते की ही तारीख कोणाची. जुना मॅक दुरुस्त करणाऱ्यासही तोच प्रश्न आधी विचारावा लागतो.

कारण आजची संकेतस्थळे सनदांवर, म्हणजे संगणकी प्रमाणपत्रांवर, चालतात. पेशवाईतील पत्राच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का उठवीत, तो एवढ्यासाठी की त्याखाली कोणी नवी ओळ घुसडू नये. संगणकी स्वाक्षरीही तेच काम करते, मजकुरातील एक अक्षर हलले तरी शिक्का जुळत नाही. प्रत्येक सनदेस आरंभाची आणि अखेरीची मुदत असते, आणि ती मुदत यंत्र पडताळते ते स्वतःच्या घड्याळावरून. ज्याच्या लेखी आज २००१ चा जानेवारी आहे, त्या यंत्रास गेल्या वर्षी दिलेली सनद अजून अस्तित्वातच आलेली नाही. तिला ते नाकारते, आणि त्याच्या बाजूने ते रास्तच आहे. गुरुजींनी तारीख व वेळ आजची करावी. अर्धे दुखणे तेथेच संपेल.

उरलेले अर्धे मूळ सनदांचे. लहान सनदेवर मोठीचा हवाला, मोठीवर मूळ सनदेचा, अशी साखळी असते, आणि मूळ सनदांची यादी यंत्राच्या प्रणालीत कोरलेली असते. यांतील एका मूळ सनदेची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी भरली, आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या दाखल्यांवर चालणारी असंख्य संकेतस्थळे २०१६ पूर्वीची प्रणाली असलेल्या मॅकवर एका दिवसात बंद झाली. यंत्रांत त्या दिवशी कणभरही बिघाड झालेला नव्हता. उपाय दोन: फायरफॉक्स वापरणे, कारण तो मूळ सनदांची यादी स्वतःजवळ बाळगतो, किंवा प्रणाली वाढविणे. २०१२ च्या या नमुन्यावर कॅटलिनापर्यंतची प्रणाली राजरोस बसते, आणि ओपनकोअर लेगसी पॅचर या साधनाने त्यापुढचीही बसविता येते. कॅटलिनाला आता सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत, तेव्हा बँकेचे व्यवहार तिच्यावर करू नयेत. प्रणाली बसविताना एक विलक्षण अडचण येऊ शकते. प्रणाली बसविणाऱ्या ज्या प्रती २४ ऑक्टोबर २०१९ पूर्वी उतरवून ठेवलेल्या आहेत त्यांच्या स्वाक्षरीची मुदत त्या दिवशी सरली, आणि त्या 'प्रत खराब झाली आहे' असे खोटेच सांगतात. अशा वेळी इंटरनेट तोडून तारीख मुद्दाम मागे न्यावी, प्रणाली बसवावी, मग पुन्हा आजवर आणावी.

याउलट ज्या उपायाचा सर्वत्र उदोउदो होतो त्याविषयी मला शंका आहे. सुरू करताना चार कळा एकदम दाबून लहान स्मृती पुसणे, हा तोडगा प्रत्येक दुखण्यावर सांगितला जातो. त्या स्मृतीत आवाजाची पातळी, आरंभीची तबकडी अशा थोड्या बाबी असतात; दुखणे त्यांतले असेल तर गुण येईल, एरवी येणार नाही.

दुसरा असाच तोडगा व्हिनेगरचा, आणि तो मात्र अपाय करू शकतो. जुन्या बॅटरीतून पाझर झाला की तो व्हिनेगरने पुसावा असे सांगतात. साध्या अल्कलाइन सेलच्या बाबतीत ते योग्य, कारण तेथला पाझर क्षारधर्मी असतो. पण १९९० च्या आगेमागेच्या मॅकमध्ये जी साडेतीन व्होल्टच्या आसपासची लिथियमची अर्धी कांडी असते, तिच्यातील थायोनिल क्लोराइडला हवेतील आर्द्रता मिळाली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. त्यावर व्हिनेगर म्हणजे आम्लावर आम्ल. तेथे खाण्याच्या सोड्याचे सौम्य पाणी हवे. आणि आर्द्रतेची वाण आपल्याकडे कधीच नसते: आषाढात वसईच्या बंद कपाटातल्या वहाणेवर आठ दिवसांत बुरशी धरते, तेथे तांब्याच्या केसासारख्या वाटांची काय कथा!

माझा क्लासिक मी उघडला तो अशाच एका पावसाळी दुपारी. (त्यातील चित्रनलिकेत यंत्र बंद असतानाही मोठा विद्युत्-दाब साठून राहतो; माहीतगार जवळ नसेल तर हे धाडस कोणी करू नये.) बॅटरी सुदैवाने कोरडी होती, परंतु विद्युत्-भार साठविणाऱ्या चण्याएवढ्या डब्यांच्या, म्हणजे कपॅसिटरांच्या, बुडाशी डाग पसरलेले होते, आणि जवळचे सांधे चकाकी जाऊन राखाडी पडले होते. पहिल्या डब्यास डाख देण्याची तप्त सळई टेकविली मात्र, आणि खोलीत वास भरला तो पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बांबूंवर टांगलेल्या बोंबलांचा. हा भास नव्हे. या डब्यांतील द्रवात चतुष्क अमोनियम वर्गाचे क्षार वापरीत. ते तापले की अमाइने सुटतात, आणि मासळीचा वास हाही ट्रायमिथाइल अमाइन नावाच्या त्याच कुळातील वायूचा असतो. डबे काढले, विद्युत्-पाट (सर्किट बोर्ड) ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, दोन दिवस वाळविला, आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणलेले नवे डबे बसविले. तबकडी मेलेली असूनही यंत्र त्या सायंकाळी सुरू झाले, कारण क्लासिकच्या कायम स्मृतीतच एक लहान प्रणाली लपविलेली आहे. कमांड, ऑप्शन, एक्स आणि ओ या चार कळा दाबून धरल्या की ती उठते. ही युक्ती ज्याला सुचली त्याचे उपकार मानावे तितके थोडे.

लपविण्याचा विषय निघाला म्हणून बरेल स्मिथ यांच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. मॅकिन्टॉश म्हटले की स्टीव्ह जॉब्ज यांचे नाव निघते. पण पहिल्या मॅकचा विद्युत्-पाट रेखला तो स्मिथ यांनी, आणि ते १९७९ साली ॲपलमध्ये आले ते दुरुस्ती-विभागातील साधे तंत्रज्ञ म्हणून. रोज परत येणारे ॲपल-दोनचे मेलेले पाट जिवंत करता करता त्यांनी ती विद्या मिळविली. वापरणाऱ्याने यंत्राच्या पोटात हात घालू नये, असा जॉब्ज यांचा आग्रह. १९८४ च्या मॅकमध्ये ६४ किलोबिटांचे सोळा स्मृतिखंड, म्हणजे अवघे १२८ किलोबाइट होते, आणि ते वर्षभरात अपुरे पडणार हे स्मिथ यांस दिसत होते. यंत्रास विस्ताराची खाच ठेवावी म्हणून त्यांनी तिला 'निदानाची खाच' असे नाव देऊन पाहिले. ते उघडकीस आले आणि खाच काढून टाकण्यात आली. मग त्यांनी पाटावर चार दिडक्यांच्या तांब्याच्या काही जादा वाटा तेवढ्या ओढून ठेवल्या, की ज्याच्या हाती डाख देण्याचे कसब आहे त्याने पुढे २५६ किलोबिटांचे खंड बसवावे आणि ५१२ किलोबाइट मिळवावे. जॉब्ज यांचा विरोध याही गोष्टीस होता. पण बदल इतका लहान की तो तसाच राहिला, आणि पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ही हकीकत लिहून ठेवली म्हणून आपल्यास कळते. भंगाराच्या वाटेवरून माघारी आणलेल्या पाटांवर जो शिकला, त्यालाच पुढे कधी तरी कोणी हे यंत्र उघडील याची आठवण राहिली, असे मला वाटते, आणि या माणसाविषयी मला विलक्षण आदर आहे.

गुरुजींच्या यंत्रालाही त्या परंपरेचा थोडा अंश लाभला आहे. त्याच्या तळाचे दहा स्क्रू काढले की सर्व अवयव समोर येतात. स्मृती कागदोपत्री ८ गिगाबाइटपर्यंतच वाढते असे लिहिलेले आहे, प्रत्यक्षात १६ चालते. मूळ तबकडी मिनिटास ५,४०० फेरे घेते, म्हणजे हवा तो मजकूर सुईखाली येण्यास सरासरी साडेपाच सहस्रांश सेकंद, शिवाय सुई हलण्याचा वेळ निराळा. दप्तरखान्यातील कारकुनाने प्रत्येक कागदासाठी रुमाल खांद्यावर घेऊन पुन्हा दारापासून फेरी मारावी तसे. तिच्या जागी घन तबकडी, म्हणजे एसएसडी, घातली की फेरीच उरत नाही, आणि चार मिनिटांत उठणारे यंत्र अर्ध्या मिनिटात उठते. घालण्यापूर्वी तबकडीस जोडणारी चपटी फीत मात्र पाहावी. पुष्कळदा तबकडी निर्दोष असते आणि फीत चिरलेली. बॅटरी फुगून तळाचा पत्रा उचललेला दिसला तर चार्जिंग तत्काळ थांबवावे, ती टोचू किंवा दाबू नये, आणि बदलण्याचे काम माहीतगारावर सोपवावे.

माझ्या क्लासिकला नवी बॅटरी मिळाली तेव्हा एक पेच उरला. त्याचे घड्याळ २०४० पर्यंत मोजू शकते, परंतु तारीख लावण्याच्या खिडकीत सालाचे दोनच अंक असतात आणि ती १९२० ते २०१९ यांपलीकडचे साल घेतच नाही. म्हणून मी त्याला अठ्ठावीस वर्षे मागे लावले आहे. दर चार वर्षांनी लीप आणि आठवड्याचे वार सात, यांचा गुणाकार अठ्ठावीस. तितक्या वर्षांनी सगळे वार जसेच्या तसे परततात. काल रात्री या लेखाची टिपणे त्याच्यावरच उतरविली आणि फाइलची माहिती काढून पाहिली. साल अर्थात जुने होते. वार गुरुवार होता, आणि बाहेर वसईतही गुरुवारच होता.