ऐकून घ्या, मग वसुली करा

अपंगांच्या मासिक भत्त्याचा हिशेब चुकवावा कचेरीने आणि काही वर्षांनी जादा रक्कम परत मागावी त्या अपंगाकडे, हा प्रकार अमेरिकेत नवा नाही. सामाजिक सुरक्षा प्रशासनाची नोटीस अनेकांना न्यायालयाच्या हुकमासारखी वाटते. ती तशी नसते. हिशेबच खोटा असेल तर साठ दिवसांत फेरविचार मागता येतो. हिशेब खरा, पण दोष आपला नाही आणि परतफेड केली तर पोटाला चिमटा बसेल, असे ज्याचे म्हणणे असेल त्याला माफीचा अर्ज करता येतो. त्याला मुदतही नाही. १९७९ मध्ये कॅलिफानो विरुद्ध यामासाकी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, माफी मागणाऱ्याचे म्हणणे तोंडी ऐकल्यावाचून कपात करता कामा नये. माणसाचा प्रामाणिकपणा नुसत्या कागदांवरून कसा जोखणार? निव्वळ आकडेमोडीच्या वादाला न्यायालयाने ही सवलत नाकारली, हे एक वेळ समजू शकते. पण हे संरक्षण मागणाऱ्यालाच मिळते. दुखणाईत, एकाकी माणूस गप्प राहिला की कपात आपोआप सुरू होते. अपंगत्व विम्यातील या कपातीचे सर्वसाधारण प्रमाण २०२४ मध्ये दहा टक्क्यांवर आणले होते. २०२५ मध्ये ते पन्नास टक्के करण्यात आले.