शालेय सहलीची आखणी : पन्हाळा-कोल्हापूर परिसराच्या आधारे

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या म्हणजे खेडोपाडीच्या प्राथमिक शाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. गाडी ठरते, वर्गणी ठरते, दिवसही ठरतो. कशासाठी जावयाचे, एवढेच बहुधा ठरावयाचे राहते. पहाटे निघून आठ स्थळे पाहून मध्यरात्री परतलेल्या मुलास दुसऱ्या दिवशी काय पाहिलेस असे विचारावे, तर ते गाडीत कोणास उलटी झाली ते सांगते. यात मुलाचा दोष नाही. आठ स्थळे एका दिवसात मोठ्या माणसाच्या ध्यानातही राहत नाहीत.

यासाठी सहल एखाद्या सूत्राभोवती आखावी, असे सुचवावेसे वाटते. अन्न हे असे एक सूत्र आहे. इतिहासाच्या सनावळीस कंटाळणारे मूल जेवणाविषयीच्या प्रश्नास कंटाळत नाही. माणसे काय खात होती, ते कोठून येत होते, साठवीत कोठे, आणि कोण कोणाच्या पंक्तीस बसत होते, एवढे चार प्रश्न घेऊन निघाले तर गड, बाजार, देऊळ, राजवाडा ही सारी एका धाग्यात येतात. उदाहरणादाखल येथे पन्हाळा व कोल्हापूर हा परिसर घेतला आहे. इतर भागांतील शिक्षकांनी आपापल्या परिसरास हेच प्रश्न लावून पाहावेत.

आरंभ घरापासून करावा. सहलीपूर्वी आठवडाभर अगोदर प्रत्येक मुलास एक काम द्यावे : आपल्या घरची वर्षाची चटणी कशी करतात, ते आईस किंवा आजीस विचारून वहीत लिहून आणणे. कोल्हापूरकडे चटणी म्हणजे कांदा, लसूण, खोबरे, तीळ व मसाले घालून कांडलेले लाल तिखट. उन्हाळ्यात ते वर्षभरासाठी करून ठेवतात. तीस मुले तीस प्रकार आणतील. कोणाकडे धने अधिक, कोणाकडे तीळ अधिक, कोणाकडे खोबरे परवडत नाही म्हणून मुळीच नाही. या वह्या वर्गात मोठ्याने वाचाव्यात. परंतु ज्याच्या घरी खोबरे नाही त्याच्या वहीवर हसू उमटणार नाही, इकडे शिक्षकाचे लक्ष पाहिजे. मग मुलांस सांगावे की मिरची ही मूळची आपल्याकडची नव्हे. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या मार्फत सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आली. पन्हाळा किल्ला बांधला तो शिलाहार राजा दुसरा भोज याने, बाराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे त्या राजाच्या मुदपाकखान्यात लाल मिरची असणे शक्य नव्हते. तिखटासाठी मिरे होते. ज्या तांबड्या रश्श्याचा कोल्हापूरकरांस एवढा अभिमान, त्याचा तांबडेपणा गडाहून लहान आहे, हे ऐकून मुले चकित होतात आणि आणखी काय काय बाहेरून आले ते स्वतःच विचारू लागतात. बटाटा आणि टोमॅटो ही नावे त्या वेळी सांगावीत.

पन्हाळा कोल्हापुरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तेथे सर्व स्थळे दाखविण्याचा अट्टहास धरू नये. तीन दरवाजा, सज्जा कोठी, बाजीप्रभूंचा पुतळा ही पाहावीतच. परंतु मुख्य वेळ अंबरखान्यास द्यावा, असे आमचे मत आहे. गंगा, यमुना व सरस्वती या नावांची तीन प्रचंड धान्यकोठारे तेथे उभी आहेत. भिंती जाड, छत कमानीचे, आणि वरून धान्य ओतण्यासाठी छतास भोके ठेवलेली. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. मुलांस आत उभे करून थोडा वेळ गप्प राहू द्यावे. उन्हातून आत येताच गारवा अंगास लागतो, आणि धान्य टिकविण्यासाठी अशी वास्तू का लागते हे न सांगता कळू लागते.

तेथेच गणित घ्यावे. सिद्दी जौहरने गडास वेढा दिला तो २ मार्च १६६० रोजी, आणि शिवाजी महाराज गडावरून निसटले ती १२ जुलै १६६० ची पावसाची रात्र. एकूण दिवस किती, ते मुलांनीच मोजावे. उत्तर १३२ येते. आता आपल्या शाळेतील मध्यान्ह भोजनात पाचवीपर्यंतच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्याचे प्रमाण आहे. लढणाऱ्या माणसास समजा अर्धा किलो लागेल. हजार माणसे धरली तर १३२ दिवसांस ६६,००० किलो, म्हणजे ६६० क्विंटल धान्य झाले. शिवा काशीद व बाजीप्रभू यांचे बलिदान मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. परंतु ते घडण्यापूर्वी चार महिन्यांहून अधिक काळ गड कशावर तगला, हा प्रश्न पुस्तकात सहसा नसतो. तो कोठाराच्या दारात विचारावा. हे धान्य कोणी पिकविले, कोणी डोक्यावरून गडावर आणले, हेही मग कोणी तरी विचारतेच. न विचारल्यास शिक्षकाने विचारावे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत पन्हाळा आहे. भिंतीवर नावे कोरू नयेत ही सूचना देताना याचा उपयोग होतो.

गडावरून उतरताना वाटेत गुऱ्हाळ पाहावे. गुऱ्हाळांचा हंगाम साधारणपणे दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत असतो, म्हणून ही सहल डिसेंबर-जानेवारीतच काढणे इष्ट. गुऱ्हाळाच्या मालकास आठ दिवस आधी भेटून परवानगी घ्यावी. आयत्या वेळी साठ मुले घेऊन जाणे म्हणजे त्याच्या कामाचा खोळंबा करणे होय.

चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत येतो. खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडे जळत असतात. म्हणजे उसाचा रस उसावरच शिजतो. ही गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्यावी. रस तापू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्यायोगे मळी वर येते व ती झाऱ्याने काढून टाकतात. थोडा चुनाही घालतात. पुढे पाक दाटत जातो, वास बदलतो, बुडबुड्यांचा आकार बदलतो. गूळ केव्हा उतरवावा हे सांगणारा गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते पाहतो. त्याच्याजवळ उष्णतामापक यंत्र नसते. क्षणभर आधी उतरविला तर गूळ धरत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. आपल्या वर्गातील कित्येक मुलांचे आजोबा या विद्येत तयार असतील; त्या मुलाकडे त्या दिवशी वर्ग निराळ्या नजरेने पाहील. १०० किलो उसापासून साधारणपणे १० ते १२ किलो गूळ मिळतो. उरलेले वजन कोठे गेले, हा विज्ञानाचा उत्तम प्रश्न आहे.

सावधगिरीविषयी येथेच सांगणे अवश्य आहे. उकळता पाक पाण्याहून अधिक तापलेला असतो आणि अंगास चिकटतो. म्हणून एका वेळी दहाच मुले आत न्यावीत, काहिलीपासून दहा हात दूर उभी करावीत, आणि बाकीची मुले दुसऱ्या शिक्षकाजवळ बाहेर बसवावीत. वर्षे गेली तरी विसरणार नाही अशी काकवी त्या बाहेरच्या मुलांस चाखावयास मिळाली तर ती कुरकुर करणार नाहीत.

गुऱ्हाळावर किंवा शेजारच्या उसाच्या फडात आपल्या मुलांच्याच वयाची मुले दिसतील. पाठीवर धाकटे भावंड, हातात मोळीचा दोर. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर दूरच्या जिल्ह्यांतून आलेली ती मुले असतात, आणि त्यांपैकी कित्येकांचे नाव कोठल्या तरी शाळेच्या पटावर असते. आपली मुले हे पाहतील आणि विचारतील. तो प्रश्न टाळू नये. त्यांच्याकडे बोट दाखवून धडा देऊ नये, त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. मालकाच्या व पालकांच्या अनुमतीने त्यांस आपल्यासोबत खेळावयास व खावयास बोलवावे. परत आल्यावर शिक्षकाने त्या मुलांची माहिती तेथील जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकास कळवावी. शिक्षण हक्क कायदा २००९ अन्वये सहा ते चौदा वर्षांच्या बालकास वर्षाच्या मध्येही शाळेत प्रवेश मिळतो, आणि दाखल्याच्या अभावी तो नाकारता येत नाही. सहलीचे एवढे एक फळ पदरात पडले तरी इंधनाचा खर्च वसूल झाला.

दुसरा दिवस शहरास द्यावा. एकच दिवस उपलब्ध असेल तर शहर पुढच्या वर्षावर टाकावे, दोन्ही कोंबू नयेत. टाउन हॉलमधील संग्रहालयात ब्रह्मपुरी येथील उत्खननात सापडलेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, लहानशी काशाची मूर्ती आहे. समुद्र घाटापलीकडे, आणि समुद्रदेव पंचगंगेच्या काठी. तो येथे कसा आला, यावर मुलांस तर्क करू द्यावेत आणि मग रोमशी चालणाऱ्या जुन्या व्यापाराची हकीकत सांगावी. अंबाबाईच्या देवळात गर्दी पाहून जावे. तेथील किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९ ते ११ या तारखांस आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत होतो. त्या गर्दीत मुलांस मुळीच नेऊ नये. परंतु २१ डिसेंबरपासून मागे आणि पुढे दिवस मोजण्यास सांगावे. दोन्हीकडे सुमारे एकेचाळीस येतात. सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि परतताना एकाच जागी मावळतो, हे शाळेच्या अंगणात काठी रोवून तिची सावली आखली तरी पडताळता येते.

खासबागचे कुस्तीचे मैदान शाहू महाराजांच्या काळचे, १९१२ साली तयार झालेले. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीचे ताजे दूध मिळते. पैलवानांचा खुराक म्हणून त्याची ख्याती आहे. ही स्थळे धावती पाहिली तरी चालतील. भाऊसिंगजी रस्त्यावर मात्र थोडे थांबावे. या रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान होते. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मल्यामुळे, पाणी शिवल्याच्या कारणावरून त्यांस मार खावा लागला होता. महाराजांनी त्यांस दुकान घालण्यास साहाय्य केले, आणि स्वतः तेथे गाडी थांबवून लोकांदेखत ते चहा पीत व बरोबरच्या मंडळींसही पाजीत. १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारे आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळांत बसविणारे हे राज्यकर्ते. हुकूम कागदावर निघतो, त्यास बळ अशा एका कपाने येते. चौथीच्या मुलास हे पुरते समजते.

तेव्हा आपल्या सहलीचे जेवण कसे व्हावे, हे ओघानेच आले. उपाहारगृहात नेण्याची गरज नाही. भाकरी, झुणका, खर्डा, कांदा, गुळाचा खडा एवढे पुष्कळ झाले. डबे आणले असतील तर ते एका चादरीवर एकत्र ठेवावेत व सर्वांनी सर्वांचे वाटून घ्यावे; पंक्ती हजेरीपटाच्या क्रमाने बसवावी आणि शिक्षकांनी त्याच पंक्तीत, मधोमध बसावे. सामिष पदार्थ सहलीत नसावेत. ते वाईट म्हणून नव्हे. प्रवासात ते टिकत नाहीत आणि पंक्ती दुभंगते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची माहिती तोंडी सांगावी. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाने व खसखशीने पांढरा होतो, हे कित्येक शिक्षकांसही ठाऊक नसते!

आता वर्गणीविषयी. वर्गणीच्या दिवशी ज्याचे पोट दुखते असे मूल प्रत्येक वर्गात असते. त्याचे दुखणे शिक्षकास ओळखता आले पाहिजे. रक्कम एकदम न मागता जूनपासून थोडी थोडी घ्यावी, कोणी दिली व कोणी नाही याची यादी वर्गात वाचू नये, आणि कमी पडणारी रक्कम शाळा व्यवस्थापन समितीपुढे नावे न घेता ठेवावी. राज्य परिवहनाची गाडी शालेय सहलींस सवलतीने मिळते; त्यासाठी आगाराकडे वेळेवर अर्ज करावा. पालकांची लेखी संमती, वरिष्ठांची मंजुरी, प्रथमोपचाराची पेटी व सोबत शिक्षिका, या गोष्टी प्रत्येकास ठाऊकच आहेत. मुली मागे राहतात त्या बहुधा परतीच्या वेळेमुळे. दिवेलागणीपूर्वी गाव गाठावयाचे असे छापून दिले तर त्यांची संख्या वाढते.

परतल्यावर ‘माझी सहल’ हा निबंध सर्वांकडून लिहवून घेऊ नये. तीसही निबंध पहाटेच्या कोंबड्यापासून सुरू होतात. एकाने कोठाराचे गणित मांडावे, दुसऱ्याने गुळव्याच्या कामाचा क्रम लिहावा, तिसरीने पंचगंगेचा नकाशा काढावा. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या संगमापासून नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळेपर्यंत. दोघांनी मिळून गुऱ्हाळाच्या मालकास आभाराचे पत्र लिहावे व ते खरोखर टपालात टाकावे. चटणीच्या वह्या एकत्र शिवून शाळेच्या कपाटात ठेवाव्यात. पुढल्या वर्षीचा वर्ग सहलीस निघेल तेव्हा त्याने त्यांत आपली पाने जोडावीत.